वरच्या सुरातला शब्द

"बाई, शेवटची ती ‘आई’ काढता येईल का?"

गायिकेने हे अगदी साधेपणाने विचारलं. खुर्ची जरा सरकवता का, असं कुणी विचारावं तसं. तालमीच्या लांबट खोलीत आधी दिग्दर्शकाला हसू आलं, मग पियानोपाशी बसलेले मास्तर हसले, आणि मग सगळेच. जिला विचारलं होतं ती, भाषांतर करणारी, तीही हसली. वाक्यच तसं होतं. मांडीवरच्या कागदावर शेवटच्या ओळीतल्या त्या शब्दाभोवती तिने पेन्सिलीने गोल काढला, आणि पेन्सिल उचलायचं विसरून त्याच गोलावरून पुन्हा पुन्हा फिरवत राहिली. कागद त्या जागी चकाकायला लागला. गायिका घशावर हात ठेवून समजावत होती, की बाई, राग मानू नका, शब्द चांगलाच आहे, पण तो सूर फार वरचा आहे, तिथे ‘आ’ देता येतो, ‘ई’ देताच येत नाही. तोंड मिटतं, आवाज चिमटीत धरल्यासारखा होतो. मास्तरांनी तिला दुजोरा दिला. मूळ भाषेत आईला जो शब्द आहे त्याच्या दोन्ही अक्षरांत आकार आहे, म्हणून तर त्या संगीतकाराने दुसरं अक्षर उचलून पार आढ्याला नेऊन टांगलं. आपल्याकडे नेमका तिथे ‘ई’ येतो. "आपली आई सुरात बसत नाही, त्याला कोण काय करणार," मास्तर म्हणाले.

खोली एका कापडाच्या गोदामाच्या माथ्यावर होती. खिडक्यांना आवाज बाहेर जाऊ नये म्हणून जाड सतरंज्या ठोकलेल्या होत्या, त्यामुळे आत सकाळ आहे की संध्याकाळ ते कळत नसे, आणि सतरंज्यांना जुन्या धुळीचा वास येई. गेलं वर्षभर तिने या वासात काढलं होतं. युरोपातला दोनशे वर्षांपूर्वीचा ऑपेरा आपल्या भाषेत आणायचा, आपल्या लोकांना अर्थ कळेल असा गाऊन दाखवायचा, असं इथल्या कलाकेंद्राने ठरवलं आणि भाषांतरासाठी तिला बोलावलं. जन्मभर तिने परक्या कादंबऱ्या आपल्या भाषेत आणल्या होत्या. तिला वाटलं, त्यात काय. पण कादंबरीत शब्द एखाद्या पाहुण्यासारखा ऐसपैस बसतो. इथे प्रत्येक अक्षराला आधीच ठरलेली बैठक होती, लांब सुराखाली ऱ्हस्व अक्षर आलं की ते रबरासारखं ताणलं जाई, आणि आघात भलत्या जागी पडला की ‘मन वारा’चं ‘मनवा रा’ व्हायचं. सैनिकांच्या तांड्याला तिने ‘चला, चला’ दिलं. ते मात्र झकास बसलं. एवढंच, की तांडा ते गात बराच वेळ एकाच जागी उभा राहायचा. कलाकेंद्राचे खजिनदार एकदा तालीम बघायला आले आणि तिला हळूच म्हणाले, "बाई, हे जाणार कधी?" मग शेवटच्या प्रवेशाला त्यांनी आणखी विचारलं, की मरायला टेकलेल्या मुलीला एवढं गाण्याचं बळ येतं कुठून. ती म्हणाली, येतं कधी कधी.

गोष्ट अशी होती. नदीकाठच्या गावातली एक विणकरीण आणि तिची एकुलती एक मुलगी. मुलगी आईचं न ऐकता नदीपलीकडच्या शहरात जाते, तिथे लग्न करते. शहरात साथ येते, वेशी बंद होतात. आई नदी ओलांडून वेशीशी येते, पण दार उघडत नाही. आत भिंतीच्या पलीकडे मुलगी शेवटचं गाते, आई बाहेरून ऐकते. शेवटी एकच शब्द, तो वर चढतो आणि तुटतो. दिग्दर्शकाला हे सगळं आजच्या काळात आणायचं होतं. वेस कशाला, तो म्हणाला होता, दवाखान्याचं काचेचं दार करू, लोकांना लगेच भिडेल. ती म्हणाली होती, वेसच राहू दे. का, विचारल्यावर तिने सांगितलं की ‘दवाखाना’ चार अक्षरी आहे, चालीत मावत नाही. तिचं खरं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. कलाकेंद्रात ती फक्त ‘भाषांतरवाल्या बाई’ होती.

"‘माय’ करू," दिग्दर्शक म्हणाला.

"उच्चारात एकच अक्षर आहे ते," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या सुराला काय देणार? ‘य’?"

"‘माता’?"

"मरताना कोण माता म्हणतं?" गायिका म्हणाली.

"‘बाबा’ बसतं," मास्तरांनी पियानोवर दोन सूर वाजवले. "बा, बा. दोन्ही आकार. अगदी मूळच्यासारखं."

"नाटकात बाप मेलेला आहे, मास्तर."

पुन्हा हशा झाला. गायिकेने मात्र खरोखरच एकदा ‘बाबा’ म्हणून पाहिलं. आवाज मोकळा, गोल, सतरंज्यांना धक्का देत वर गेला. किती छान बसतं, असं प्रत्येकाच्या तोंडावर होतं. तिने मांडीवरचे कागद गोळा केले. "बघते मी," ती म्हणाली. "मला दोन-चार दिवस द्या."

घरी येताना बसमध्ये खिडकीशी बसून ती तोंडातल्या तोंडात तो शब्द म्हणत होती. इतकी वर्षं झाली, शब्दांवर पोट भरलं, पण हा शब्द तोंडात कसा होतो हे तिने कधी पाहिलं नव्हतं. ‘आ’ला जबडा खाली पडतो, आतली सगळी पोकळी उघडी होते. ‘ई’ला ओठ दोन्हीकडे ओढले जातात, जीभ टाळूकडे जाते, दार लोटल्यासारखं होतं. म्हणजे हाक मारायची आणि लगेच दार लोटायचं. शेजारी बसलेल्या माणसाने तिच्याकडे पाहिलं, तशी ती खोकल्यासारखं करून बाहेर बघू लागली. रस्त्याच्या कडेला कुणी एक बाई दुकानाचं शटर ओढत होती, ते अर्ध्यावर अडकलं होतं. तिच्या मनात आलं, एका गाणाऱ्या पोरीने एवढंसं विचारलं तर आपल्याला असं का व्हावं? शब्द काय, बदलतो. आपण आजवर हजारो शब्द बदलले. पण हा बदलवत नव्हता.

कारण तो शब्द तिला मिळालेला होता. लेक गेली तेव्हा ती जवळ नव्हती. ताप डोक्यात गेला, मग रक्तात, आणि आठवड्याभरात हसतीखेळती बावीस वर्षांची मुलगी नळ्यांच्या जाळ्यात गेली. आत एकालाच बसू देत. रात्रभर ती बसली, सकाळी नवरा आला आणि म्हणाला, तू घरी जा, आंघोळ कर, दोन घास खा. ती गेली. नको म्हणाली नाही, हट्ट धरला नाही. खरं सांगायचं तर तिला आंघोळ हवी होती. डोक्यावरून पाणी घेताना तिला बरं वाटलं होतं, हे ती आजवर कुणाशी बोललेली नाही. ती परत पोचली तेव्हा काचेच्या दाराबाहेर नवरा उभा होता. त्याने तिचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं, "गेली. शेवटी ‘आई’ म्हणाली." बस, एवढंच. त्या शब्दावर ती जगली. त्याने ती आतून सोलवटून निघत होती, आणि त्यानेच तिला धरूनही ठेवलं होतं. शेवटी पोरीने हाक मारली ती मला. मी नव्हते, पण हाक माझी होती. पुढे परक्या कादंबऱ्यांत कुठे आई भेटली की ती थबकायची, आणि त्या भाषेत काहीही असो, आपल्या भाषेत ती ‘आई’च लिहायची, ‘मातोश्री’ नाही, ‘मम्मी’ नाही. एका संपादकाने त्यावरून वाद घातला, तर तिने पुस्तकच परत मागितलं होतं.

घरी नवरा गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बुटांना पॉलिश करत बसला होता. नकाशे काढण्याच्या कचेरीतून निवृत्त होऊन त्याला बराच काळ झाला होता, फारसं कुठे जायचंही नसे, पण रोज संध्याकाळी बूट चमकलेच पाहिजेत. ती समोर पाट सरकवून बसली. उन्हं उतरली होती. लेकीबद्दल ती दोघं बोलत नसत. ठरवून नव्हे, जखमेवर खपली धरली की आपोआप आपण त्या हाताने जड उचलत नाही, तसं.

"अहो," ती म्हणाली, "आज गंमतच झाली. शेवटच्या ओळीतली आई काढा म्हणतात. वरच्या सुरात ‘ई’ येत नाही म्हणे."

"मग काढ." त्याने बूट वळवला. "गाणाऱ्याची सोय बघायला हवी."

"तुम्हांला आठवतं का, ती कशी म्हणाली होती? मोठ्याने? की…"

त्याचा ब्रश चालू राहिला. मग थांबला.

"कशाला आता?"

"असंच. मला ते ऐकायचंय. मी कधी विचारलं नाही."

त्याच्या बोटांना काळं लागलं होतं, ते त्याने वर्तमानपत्राला पुसलं, पुन्हा पुसलं. ती घाबरली. तिला वाटलं उठावं, चहा ठेवावा, हा विषय इथेच मिटवावा. पण तोवर तो बोलायला लागला होता, खालमानेनेच.

"नळी काढली होती ना घशातली. घसा सुजलेला. ओठ फुटलेले, मिटत नव्हते. जीभ लाकडासारखी झालेली. तिने माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी म्हणाली. आ… ई… असं. दोनदा. मी म्हटलं, येतेय आई, घरी गेलीय, येईलच. तर तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते नाही कळलं."

"मग?"

"मग काय. नंतर, म्हणजे सगळं झाल्यावर, मी बाहेर उभा होतो तुझी वाट बघत. तेव्हा माझ्या मनात आलं, ते ‘पाणी’ असेल." त्याने ब्रश डबीवर ठेवला. "ओठ मिटल्याशिवाय ‘पा’ होत नाही. जीभ वळल्याशिवाय ‘णी’ होत नाही. राहतं काय? तेच राहतं. नर्सने बजावलं होतं, थेंबसुद्धा द्यायचा नाही. मी दिला नाही. शेजारी भांडं होतं, कापूस होता. ओठाला तरी लावायचा. नियम म्हणजे नियम म्हणून मी आपला बसून राहिलो."

तिने वर्तमानपत्राचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"तू आलीस, तेव्हा मी ठरवून टाकलं. आई. तुझ्यासाठी सांगतोय असं माझं मी समजत होतो. तुझ्यासाठी नव्हतं गं ते. मला ते ‘आई’च असायला हवं होतं. आई म्हणाली असेल तर माझं काही चुकलं नाही."

गॅलरीच्या खालच्या रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत नेत होतं, साखळी पडल्याचा आवाज येत होता. तिला राग येईल असं वाटलं होतं, तिने राग शोधलासुद्धा, उंबरठ्यावर चप्पल शोधावी तसा, पण तो कुठे सापडला नाही. आलं ते काहीतरी पोकळ. एका शब्दाचं घर करून ती राहत होती, आणि आता कुणी सांगत होतं की भिंती होत्या, पण त्या तुझ्याच होत्या असं नाही. हाक गेली. हाकेबरोबर, आपण नव्हतो याची टोचणीही सैल झाली, आणि ती सैल झाल्याचंच तिला जास्त दुःख झालं. टोचणी होती तोवर लेक कुठेतरी टोचत तरी होती. आणि मग दाताखाली खडा यावा तसं तिला आठवलं. लेक वर्षाची होती तेव्हा तिला व्यंजनंच यायची नाहीत. आई म्हणजे आई, पाणी म्हणजे आई, गाडी म्हणजेही आईच. घरी आलेली माणसं गोंधळायची. ती स्वयंपाकघरातून न बघता सांगायची, गाडी मागतेय, पाणी मागतेय, मला बोलावतेय. सगळ्यांना एकच वाटणारे ते दोन स्वर तिला कधी एक वाटले नाहीत. सुरांत काही फरक असेल, श्वासात असेल, काय ते तिला सांगता आलं नसतं. पण ती तिथे असती तर तिला कळलं असतं. जगात तेवढ्या एकाच माणसाला कळलं असतं, आणि ते माणूस डोक्यावरून पाणी घेत होतं.

"कापूस मीही लावला नव्हता," ती शेवटी म्हणाली. "रात्रभर बसले होते मी. मलाही नाही म्हणूनच सांगितलं होतं." हे खरं होतं. त्याने वर पाहिलं नाही, पण त्याचे खांदे थोडे खाली आले. मग तो दुसरा बूट घेऊन बसला, आणि ती अंधार होईस्तोवर तिथेच पाटावर बसून राहिली.

पुढचे काही दिवस ती टेबलाशी बसून त्या दोन सुरांवर शब्द ठेवून बघत होती. राजा. माझा. वारा. दारा. सगळे बसत होते, आणि एकही राहत नव्हता. जेवताना नवरा एकदा म्हणाला, "झालं का त्या ओळीचं?" ती म्हणाली, "होतंय." याहून जास्त त्या विषयावर ती दोघं बोलली नाहीत, पण त्या आठवड्यात तो दोनदा विनाकारण बाजारात गेला, आणि दोनदाही तिच्यासाठी पेन्सिली घेऊन आला, तिला नको असलेल्या जातीच्या, फार कठीण शिशाच्या. तिने त्या वापरल्या.

तालमीला गेली तेव्हा गायिकेने विचारलं, "मिळाला शब्द?"

"तिथे शब्दच नको," ती म्हणाली. "फक्त ‘आ’. दोन्ही सुरांना."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "लोक म्हणतील, पोरगी ओळ विसरली."

"म्हणू दे."

"आणि वर पडद्यावर गाण्याची अक्षरं दिसतात त्याचं काय?" दिग्दर्शक म्हणाला. "तिथे काय लिहायचं?"

"तिथे काही लिहायचं नाही. त्या वेळी पडदा कोरा."

दिग्दर्शकाला ते एकदम आवडलं. त्याने त्याला काहीतरी मोठं नावही दिलं. ती ऐकत नव्हती. गायिका पियानोपाशी जाऊन उभी राहिली होती आणि सुरुवात न करता तिच्याकडेच बघत होती. तिशीतली मुलगी, केस मागे घट्ट बांधलेले, गळ्याला लोकरी पट्टा.

"पण बाई, मी मनात काय म्हणू? काहीतरी म्हणायला लागतं. नाहीतर नुसता आवाज होतो."

"ते तुमचं तुम्ही ठरवा," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मला सांगू नका मात्र."

गायिकेने मान हलवली. मग गायली. सूर आता कशालाच अडत नव्हता. तो वर गेला, तिथे उघडाच राहिला, आणि मिटला नाही, फक्त संपला. गोदामातून कुणीतरी कापडाचा गठ्ठा आपटल्याचा आवाज वर आला. मास्तर हात पियानोवरच ठेवून बसले होते. "हं," ते म्हणाले. "चालेल."

पहिला प्रयोग रविवारी दुपारी होता. नवरा येईल असं तिला वाटलं नव्हतं. एवढं ओरडायचं कशाला, असंच त्याचं या प्रकाराबद्दल मत होतं. पण तो इस्त्रीचा शर्ट घालून तयार होऊन बसला होता. नाट्यगृह जवळजवळ भरलं होतं. कागदावर महिनोन् महिने घासलेले तिचे शब्द एकेक करून वर येत होते आणि सुरांत विरघळत होते, काही ओळखू येत होते, काही नाहीत. आपणच वाढवलेलं मूल परक्या घरात वावरताना बघावं तसं तिला वाटत होतं. सैनिकांचा तांडा ‘चला, चला’ म्हणत उभा राहिला तेव्हा पुढच्या रांगेतले लोक हसले, आणि नवराही हसला. मध्यंतरात तो म्हणाला, "ती विणकरीण चांगली गाते." मग त्याने पाय ताणले आणि पुढचं काही विचारलं नाही. त्याला एका कानाने कमी ऐकू येई; तो तिच्याकडे चांगला कान करून बसला होता.

शेवटच्या प्रवेशाला रंगमंचावर नुसती एक उंच करडी भिंत होती. अलीकडे आई. पलीकडची मुलगी दिसत नव्हती, तिचा आवाज तेवढा येत होता. इकडे खुर्चीत तिने तळहात मांडीवर पालथे ठेवले होते. आता अमुक ओळ, आता अमुक. शेवटच्या ओळीपाशी वरचा पडदा कोरा झाला, आणि तो सूर भिंतीवरून वर आला, तिने तालमीत ऐकला होता त्याहून उघडा, त्याहून लांब. इतक्या वर्षांनी, एवढ्या माणसांत, आपण पुन्हा एकदा कान देतोय, आणि आता तरी कळेल असं वाटतंय, हे तिच्या ध्यानात आलं. पण त्यातून काही कळण्यासारखं नव्हतं. तो एका परक्या मुलीचा आवाज होता. सूर तुटला. व्हायोलिनं हळूहळू खाली उतरू लागली. आई झालेली गायिका भिंतीला कपाळ लावून उभी होती.

नवरा तिच्याकडे झुकला. अंधारात त्याचा चेहरा दिसत नव्हता, श्वास तेवढा लागत होता, भराभर येणारा.

"काय म्हणाली?" त्याने विचारलं.

आता सांगता आलं असतं. काहीच नाही म्हणाली, अहो, तिथे शब्दच नाही, मी काढला तो. तेच खरं होतं. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. हात गार होता आणि आवळलेला होता.

"‘आई’ म्हणाली," ती म्हणाली.

"नीट ऐकलंस ना?"

"ऐकायचं काय त्यात? मीच लिहिलंय."

तो सरळ झाला. व्हायोलिनं अजून वाजत होती, लोक टाळ्यांसाठी थांबले होते. थोड्या वेळाने तिच्या हाताखाली त्याची मूठ सुटली.

"हो," तो म्हणाला. "मलाही तसंच ऐकू आलं."